झोप लागते ना?

अंधाराशी झुंजताना मानवजातीने आजवर तीनच खरोखर मोठे शोध लावले: अग्नी, विजेचा दिवा आणि दक्षिणेकडचा माणूस. पैकी पहिले दोन जगात कुठेही मिळतात. तिसरा आम्हाला उत्तर टोकाच्या आमच्या बेटावर, नेसवोगमध्ये, दर ऑगस्टला नव्याने मागवावा लागतो, कारण तो एका हिवाळ्यापलीकडे टिकत नाही.

नोव्हेंबर सरता सरता सूर्य खाडीपलीकडच्या डोंगरामागे जातो आणि जानेवारी संपत आल्याशिवाय तोंड दाखवत नाही. मधल्या काळात भर दुपारी आभाळ थोडा वेळ निळं होतं, शाईच्या दौतीत कुणी पाणी ओतावं तसं, आणि मग पुन्हा झाकण लागतं. आम्हीही आमचे उपाय करतो. खिडकीत कागदी तारे लावतो, मेणबत्त्या पेटवतो, सकाळी चमचाभर माशाचं तेल नाक दाबून गिळतो, कॉड मासा, त्याचं काळीज आणि गाभोळी उकडून ताटभर खातो आणि कॉफी तर पाण्यासारखी पितो. या सगळ्याचा थोडाफार उपयोग होतो. पण खरा उपयोग कशाचा होतो, तर जेवणाच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एखादा शिकलासवरला, दक्षिणेहून आलेला माणूस आपल्या डोळ्यांदेखत हळूहळू ढासळत असावा आणि आपण त्याला बटाटे वाढावेत, याचा.

तसे एकेक नग आमच्याकडे येऊन गेले. एका शिक्षिकेने वर्गाचं छत पिवळं रंगवलं आणि मग त्याच्याकडे बघत, उताणी पडून गणित शिकवू लागली. एक पाद्री उघड्या फ्रीजसमोर खुर्ची टाकून प्रवचन लिहायचा, कारण आतला दिवा त्याला प्रेमळ वाटायचा. त्या वर्षीच्या प्रवचनांत दुधाचा उल्लेख फार होता. आमचा या मंडळींवर मनापासून जीव होता. आम्ही त्यांना कधी काही केलं नाही. नुसतं बघत असू. दुसरा बुडताना दिसला की आपले पाय तळाला टेकल्यासारखे वाटतात, एवढंच.

आणि मग हाल्वदान तवेत आला.

हाल्वदान चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला आला होता. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, दक्षिण किनाऱ्यावरच्या ग्रिमस्टाचा. दक्षिणेकडच्या माणसांना पोटात काही ठेवता येत नाही, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात दुकानात यीस्ट घेता घेता त्याने दुकानदार आर्नुल्फला आपली सगळी कहाणी सांगून टाकली. नोकरी पक्की होणार होती ती पहिला हिवाळा काढल्यावर. बायको सिन्नोवे आणि लहान मुलगी सासूच्या तळघरात राहत होत्या. हाल्वदानने आयुष्यात बरंच काही सुरू केलं होतं. अर्धी बांधलेली होडी होती, चर्चच्या घंटांवरचा अर्धा प्रबंध होता, मुलांचा एक वाद्यवृंद होता ज्यात शेवटी फक्त झांजा उरल्या होत्या. बायकोने निघताना बजावलं होतं, "एक हिवाळा. एक गोष्ट शेवटपर्यंत नेऊन दाखव. टिकलास तर वसंतात आम्ही दोघी येतो. नाहीतर आईच्या दारात परत येऊ नकोस."

"म्हणजे सगळं या हिवाळ्यावरच आहे म्हण की," आर्नुल्फ म्हणाला.

"सगळं!" हाल्वदान हसत म्हणाला.

संध्याकाळपर्यंत बेटावरच्या घराघरात ही बातमी पोचली आणि लोकांचे चेहरे उजळले. इतकं काही पणाला लावलेला दक्षिणी माणूस आमच्या वाट्याला यापूर्वी कधी आला नव्हता.

नोव्हेंबर संपला. सूर्य गेला. आम्ही वाट बघत बसलो.

हाल्वदान काही ढासळेना. उलट तो फुलायला लागला. दुपारी डोक्याला दिवा बांधून शीळ घालत स्कीइंगला जाऊ लागला. भाड्याच्या घरात मुलीसाठी खोली रंगवून ठेवली. सूर्य परतण्याच्या दिवशी गायचं गाणं गावाच्या गायकमंडळाकडून घोटून घेऊ लागला, आणि तेही हसतमुखाने. रस्त्यात कुणी विचारलं, "कसा आहेस?" तर म्हणायचा, "मस्त!"

हा शब्द आमच्या बेटावर डिसेंबरमध्ये कुणी उच्चारत नाही. आम्ही म्हणतो, "वाईट नाही." लग्नातही तेच म्हणतो, मूल झाल्यावरही तेच.

परिणाम व्हायचा तो झाला. डिसेंबरच्या मध्याला गाव खचलं. आर्नुल्फ वेलचीवरून एका गिऱ्हाइकावर ओरडला. दोन सख्ख्या भावांनी होडीघर वाटून घेतलं, म्हणजे करवत घेऊन मधोमध कापलं. बर्फ उपसणाऱ्या गाडीचा चालक आपल्याला न आवडणाऱ्या लोकांच्या दारात बर्फाचे ढीग लावू लागला, आणि त्याला न आवडणारे लोक बरेच होते. आमचं औषध त्या वर्षी लागूच पडत नव्हतं.

हे सगळं बघून हाल्वदानला आमची कीव आली. तिथेच त्याचं चुकलं.

त्याने समाजघरात "उजेडाची संध्याकाळ" भरवली. स्वतः वॉफल केले, वर तपकिरी चीजचे काप ठेवले. इथवर ठीक होतं. पण त्याने खुर्च्या गोलात मांडल्या. नेसवोगमध्ये खुर्च्या भिंतीला लावून मांडतात, म्हणजे प्रत्येकाला समोरच्या भिंतीकडे बघता येतं. गोलात बसलं की समोर माणूस येतो.

"आज आपण सगळे मोकळेपणाने बोलूया," हाल्वदान म्हणाला. "या अंधारात प्रत्येकाला काय वाटतं ते."

चमच्यांचा आवाज झाला. कुणीतरी खोकलं. एकाने वॉफल उलटा करून बघितला.

"बरं, मी मदत करतो," हाल्वदान म्हणाला. "आर्नुल्फ, तू सांग ना! परवा मला म्हणालास ना, की गोदामात पिठाच्या पोत्यांवर बसून रडू येतं म्हणून? सांग सगळ्यांना. किती धीर येईल लोकांना!"

आर्नुल्फ गोदामात रडतो हे बेटावर कित्येक वर्षं सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच हिवाळ्यात कुणी सकाळी पीठ मागायला जात नसे. तो बाहेर येईपर्यंत आम्ही मोजे, खिळे, मोहरी असं काहीतरी बघत उभे राहत असू. त्याच्या पाठीला पांढरं लागलेलं असायचं आणि कुणीही ते झटकत नसे. याला आमच्याकडे शेजारधर्म म्हणतात.

आर्नुल्फने कप खाली ठेवला. "वॉफल छान झालेत," म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ओदलाउगमावशी दुकानात आली. ही हाल्वदानची घरमालकीण. ती खालच्या मजल्यावर राहायची, तो वर. सख्खी मावशी ती कुणाचीच नव्हती, पण सगळं बेट तिला मावशी म्हणायचं, कारण दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नव्हती. मागे विणकामाच्या सुया चाळत आम्ही उभे होतो, त्यामुळे पुढचं संभाषण आमच्या कानांवर आपोआप पडलं.

"मला त्या पोराची काळजी वाटते," मावशी म्हणाली.

"मलापण," आर्नुल्फ म्हणाला.

"फार हसतो रे."

"ते लक्षण काही बरं नाही."

"झोपत तरी असेल का नीट?"

"विचारायला हवं कुणीतरी."

"सगळ्यांनीच विचारायला हवं," मावशी म्हणाली, आणि राखाडी लोकरीचा गुंडा घेऊन गेली.

कटकारस्थान म्हणाल तर एवढंच. बाकी सगळी माया होती.

पहिल्यांदा विचारलं ते चर्चची राखण करणाऱ्या म्हाताऱ्याने. "हाल्वदान, झोप लागते ना?"

"लागते की! दगडासारखी."

"असं होय," म्हातारा म्हणाला. त्याने मान तिरकी केली आणि हाल्वदानच्या कोपरावर हात ठेवला. आमच्याकडे कुणी कुणाला हात लावत नाही. डॉक्टरसुद्धा आधी क्षमा मागतात.

मग बर्फगाडीच्या चालकाने इंजिन बंद करून, काच खाली करून विचारलं, "झोप?" दंतवैद्याने विचारलं, हाल्वदानच्या तोंडात आरसा आणि कापूस असताना, आणि उत्तर नीट ऐकू न आल्यामुळे गंभीर चेहरा केला. एका अंत्यविधीनंतर हाल्वदान विधवेजवळ जाऊन म्हणाला, "फार वाईट वाटलं." तिने त्याचे दोन्ही हात धरले. "माझं राहू दे रे. माझा माणूस सुटला. तुला झोप लागते ना?"

मावशीने यात स्वतःची भर घातली. सकाळी तो जिना उतरला की ती म्हणायची, "आज जरा बरा दिसतोस हो."

"का? काल कसा दिसत होतो?"

"काल? छे छे. काल पण... जाऊ दे ना आता. आज बरा दिसतोयस ना, मग झालं तर."

मग तो जिन्याच्या आरशात बघायचा. त्या आरशावरचा दिवा मावशीने मुद्दाम बदलला वगैरे काही नव्हता. तो पहिल्यापासूनच हिरवट होता.

नाताळात त्याच्या दारात सूपची भांडी येऊ लागली. नेसवोगमध्ये निरोगी माणसाकडे केक नेतात. सूप कुणाकडे नेतात ते हाल्वदानला एव्हाना कळायला लागलं होतं. आधी तो हसून म्हणायचा, "लागते की." मग म्हणू लागला, "तशी लागते." मग, "मध्ये एकदा जाग येते, पण लागते." रात्री अंथरुणावर पडल्यावर आपल्याला झोप लागतेय का हे तपासत राहिलेल्या माणसाला झोप लागल्याचं उदाहरण आमच्या माहितीत नाही. नव्या वर्षात त्याचं स्कीइंग थांबलं. शीळ थांबली. डोक्यावरचा दिवा मात्र तो घरातही काढेनासा झाला.

मग ऑर्गनची लय उतरू लागली. एका म्हाताऱ्या कोळ्याच्या अंत्यविधीला भजनाचं शेवटचं कडवं इतकं लांबलं की खांदेकऱ्यांना शवपेटी मध्येच खाली ठेवून दम खावा लागला. मयताचा भाऊ म्हणाला, "आमचा दादा आयुष्यात कुठे उशिरा पोचला नाही, आणि आज बघा."

आणि गाव? गाव बहरलं. त्या दोन भावांनी होडीघराची भिंत परत ठोकून एक केली. बर्फगाडीवाला लोकांची अंगणंसुद्धा साफ करून देऊ लागला. आर्नुल्फ वेलची मोजताना आपणहून दोन दाणे जास्त टाकायचा, आणि पीठ सकाळीसुद्धा मिळू लागलं. गायकमंडळातल्या बायकांचे गाल लाल झाले. इतका प्रसन्न अंधार आम्ही फार वर्षांत पाहिला नव्हता.

तरीही तो टिकला असता. सूर्य यायला थोडेच दिवस उरले होते आणि हाल्वदानच्या हाताशी एक आधार होता. रोज संध्याकाळी सिन्नोवेचा फोन यायचा. त्या फोनवर तो अजूनही "मस्त" म्हणायचा. ते म्हणून झालं की अर्धा तास त्याला खरंच तसं वाटायचं. हे त्याने स्वतःच मावशीला सांगितलं, तिच्या स्वयंपाकघरात, लाल डोळ्यांनी.

"तिला काही कळता कामा नये, मावशी. तिने फक्त थोडे दिवस थांबायला हवं. सूर्य दिसला की मी सावरतो."

"सावरशील रे. न सावरायला काय झालं," मावशीने त्याच्या हातावर थोपटलं. "तिचा नंबर देऊन ठेव मात्र. अडीअडचणीला असावा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीकडे आमचं विणकाम बसलं होतं. मावशीने सुया बाजूला ठेवल्या, चष्मा लावला आणि फोन फिरवला.

"सिन्नोवे का? मी ओदलाउग बोलतेय, नेसवोगहून. छे छे, काही झालेलं नाही! घाबरू नकोस. घाबरण्यासारखं काही नाही, हेच सांगायला फोन केला... हो, चालतो, बोलतो. जेवतो पण. म्हणजे चमचा उचलतो... रात्री वर फेऱ्या मारतो थोड्या, पण आवाज न करता, गुणी आहे हो... नाही नाही, आज कालच्यापेक्षा बराच बरा दिसतोय." मग तिने आवाज खाली आणला. "मी काही सांगितलं असं त्याला कळू देऊ नकोस. तू फक्त विचार त्याला, झोप लागते का म्हणून. बायकोने विचारलं की माणसाला बरं वाटतं."

तिने फोन ठेवला आणि टाके मोजले. "एक सुटला वाटतं," म्हणाली, आणि मोजा उसवायला घेतला.

संध्याकाळी वरच्या मजल्यावर फोन वाजला तेव्हा आम्ही अजून तिथेच होतो. मावशीने भरीला केक काढला होता. लाकडी छतातून हाल्वदानचा आवाज आला: "मस्त." मग तो म्हणाला, "हे तुला कुणी शिकवलं विचारायला?" मग खुर्ची सरकली, आणि मग तो बहुतेक जमिनीवरच बसला, कारण छताचं झुंबर थोडं हललं.

"केक घ्या ना," मावशी म्हणाली.

रविवारी चर्च भरलेलं होतं. सूर्य येण्याआधीच्या रविवारी ते भरतंच. दुसऱ्या भजनाच्या मध्यावर ऑर्गन थांबला. गायकमंडळ थोडं पुढे जाऊन थांबलं. हाल्वदान वरच्या सज्जाच्या कठड्यावरून वाकला. डोक्याला दिवा बांधलेलाच होता. तो ज्याच्याकडे बघायचा त्याचा चेहरा उजळायचा आणि बाकीचे अंधारात जायचे.

"एक विचारू?" तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "तुम्हाला लागते का झोप?"

माणसं भजनाच्या पुस्तकात बघू लागली.

"खरं सांगा. एकाने जरी सांगितलं ना, की नाही लागत, तरी मला पुरे. मग मी वेडा नाही. मग मी राहतो. चारच दिवस काढायचेत, काढतो मी. एकच जण हवाय."

आता इथे आम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टी नोंदवायला हव्यात. नोव्हेंबरपासून त्या चर्चमध्ये एकही माणूस धड झोपलेला नव्हता. बर्फगाडीवाला पहाटे आधीच साफ असलेला रस्ता पुन्हा साफ करायचा, कारण घरात पडवत नसे. आमच्या सध्याच्या पाद्रीबाईंच्या झोपेच्या गोळ्या बोटीने खोक्यातून यायच्या. आणि ओदलाउगमावशी रात्रभर विणायची. बेटावर ज्याच्या त्याच्या पायात मावशीच्या जागरणाचे मोजे होते. तिचा नवरा समुद्रावरून परत आला नाही, तोही असाच एक हिवाळा होता.

"ज्यांना झोप लागते," हाल्वदान म्हणाला, "त्यांनी हात वर करा."

मावशीचा हात पहिला वर गेला. मग तिच्या बाकावरचे सगळे. मग दोन्ही भाऊ, दंतवैद्य, विधवा. पाद्रीबाईंनी आधी वर, देवाकडे पाहिलं आणि मग हात वर केला. आम्हीही केला.

हाल्वदानचा दिवा बाकांवरून फिरत फिरत आर्नुल्फवर येऊन थांबला. त्याचा हात अजून मांडीवर होता.

"आर्नुल्फ?" हाल्वदान म्हणाला. त्या एका शब्दात इतकी आशा होती की ऐकणाऱ्याला लाज वाटावी. कुणाला वाटली असेल तर तसं कळलं नाही.

आर्नुल्फने हात वर केला. "आडवा पडलो की संपलंच," तो म्हणाला. "दगडासारखी."

पाद्रीबाई "आमेन" म्हणाल्या, कारण दुसरं काही बसत नव्हतं.

प्रार्थनेनंतरच्या कॉफीवर चर्चच्या मंडळाने हाल्वदानला त्याच्याच भल्यासाठी नोकरीतून मोकळं केलं. कुणीही वाईट शब्द काढला नाही. सिन्नोवेला मावशीनेच कळवलं, आणि सिन्नोवेचा निरोपही मावशीनेच वर नेऊन पोचवला: ती येत नाही, मुलगीही येत नाही, आणि त्याने सासूच्या दारात जाऊ नये. त्याच्या भावाच्या गॅरेजवर एक खोली आहे, तिथे बघावं.

"अर्ध्यावर सोडण्यात काही लाज नाही रे," मावशी दारातून म्हणाली. "सवय असली की सोपं जातं."

सूर्य यायच्या दिवशी शाळेला सुट्टी असते. सगळं गाव धक्क्यावर जमतं, कारण डोंगराच्या खाचेतून पहिली कड तिथूनच दिसते. मुलांच्या हातात पिवळी मलई भरलेले गोल पाव होते, गायकमंडळ रांगेत उभं होतं. त्या दिवशी दक्षिणेकडे जाणारी बोटही त्याच वेळेला लागली. हाल्वदान दोन सुटकेसी घेऊन शिडीजवळ उभा होता. त्याला कुणी टाळलं नाही. उलट पुढची जागा दिली.

आणि मग खाचेत ती कड आली. लाल, नखाएवढी. गाणं सुरू झालं, हाल्वदानने बसवलेलंच, पण आता योग्य लयीत. माणसं रडली. दोन भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले. आर्नुल्फ भर धक्क्यावर, सगळ्यांदेखत, उजेडात रडला आणि पिठाची गरज पडली नाही. आनंदाच्या भरात कुणीतरी हाल्वदानलाही मिठी मारली आणि त्याच्या हातात एक पाव कोंबला. तो सूर्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात, हे कबूल करायला हवं, तो खरोखरच भयंकर दिसत होता.

बोटीने भोंगा दिला. त्याने सुटकेसी उचलल्या.

गर्दीतून वाट काढत, धापा टाकत ओदलाउगमावशी त्याच्यापर्यंत पोचली. तिने त्याचा गाल हातात घेतला. तो थबकला. आम्हाला वाटलं आता ती काहीतरी बोलणार. त्यालाही तसंच वाटलं असावं, कारण त्याने सुटकेसी खाली ठेवल्या.

"हाल्वदान, बाळा," मावशी म्हणाली, आणि दोरीने घट्ट बांधलेलं एक पुडकं तिने त्याच्या काखेत सरकवलं, "तू तसाही दक्षिणेलाच चाललायस. ट्रॉनहाइमला बोट लागली की माझी बहीण धक्क्यावर येईल, तेवढं तिला दे. अर्धवट वाळलेला मासा आहे, उन्हात नको ठेवूस हं, वास सुटतो."